लोकप्रिय होता, म्हणून पोकळ होता?

(युवा अभ्यास शिबिरातील दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला ‘कला आणि पूर्वग्रह’ असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे आणि तुमचं जेवण नुकतंच झालंय. म्हणून मी एकाच माणसाची गोष्ट सांगतो. तो भारतातला नाही आणि मुसलमानही नाही. तरी ही गोष्ट तुमच्यासारख्या मुलामुलींसमोर सांगावी, असं मला बऱ्याच वर्षांपासून वाटत होतं.

६ मे १८६४. पॅरिसमधलं गार द्यु नॉर रेल्वे स्टेशन. एका संगीतकाराचा मृतदेह रेल्वेने बर्लिनला न्यायचा आहे. निरोपाची भाषणं होतात, त्याचंच संगीत वाजवलं जातं, मग गाडी सुटते. एका संगीतकारासाठी एवढा सोहळा, कारण त्या वेळी युरोपात त्याच्याइतका लोकप्रिय ऑपेरा-रचनाकार शोधणं कठीण होतं. त्याचं नाव जाकोमो मायरबेअर.

किती जणांनी हे नाव ऐकलंय? एकही हात वर नाही. बीथोवन? बरेच हात. १८१३ मध्ये व्हिएन्नात बीथोवनच्या एका नव्या रचनेत हा तरुण मायरबेअर मोठा ढोल वाजवायला होता. हा मुलगा ठोका वेळेवर देत नाही, अशी बीथोवनची तक्रार होती. तर त्या ढोलवाल्याची ही गोष्ट.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा असताना पुण्यात नोकरी करत होतो. एका मित्रामुळे पाश्चात्त्य संगीताची गोडी लागली. आम्ही सात-आठ जण रविवारी जमून कॅसेट ऐकायचो. एकदा मला ऑपेराच्या इतिहासावर दोन पानांचं टिपण करायला सांगितलं. त्यात मायरबेअरबद्दल मी एक ओळ लिहिली: श्रीमंत घरचा, दिखाऊ, त्या काळात गाजला पण आतून पोकळ. एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून उचललेली ओळ होती ती. मी त्याचा एक सूरही ऐकलेला नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांनीही ऐकलेला नव्हता. आज मी बोलतोय ते त्या ओळीबद्दल. ती ओळ माझ्या हातात आली कुठून?

आधी माणूस समजून घेऊ. १७९१ मध्ये बर्लिनजवळ एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. मूळ नाव याकोब लीबमान बेअर. वडिलांचे साखरेचे कारखाने होते. आई अमालिया हिच्या घरी बर्लिनचे कलावंत, विद्वान, दरबारी लोक जमायचे. भावंडंही हुशार. एक भाऊ विल्हेल्म, त्याने सहकाऱ्यासोबत चंद्राचा नकाशा तयार केला. दुसरा मिखाएल, तो नाटककार. त्याचं ‘डेर पारिया’ हे नाटक भारतातल्या एका अस्पृश्य माणसावर आहे. बर्लिनमध्ये १८२३ साली ते रंगमंचावर आलं. अस्पृश्य भारतातला होता, पण नाटककाराच्या डोळ्यांसमोर होता तो जर्मनीतला ज्यू. घरात पैसा, मान सगळं होतं आणि तरीही मुलाला आपली गोष्ट सांगायला इतक्या दूरच्या अस्पृश्याचा आधार घ्यावा लागला.

१८१२ मध्ये प्रशियात ज्यूंना नागरिकत्व मिळालं, पण सरकारी नोकऱ्यांची बरीच दारं बंदच राहिली. दार उघडायचं असेल तर एक सोपा उपाय होता, ख्रिस्ती व्हायचं. अनेकांनी तो केला. कवी हाइनेने केला. संगीतकार मेंडेल्सनच्या आईवडिलांनी मुलांचा बाप्तिस्मा लहानपणीच करून टाकला. मायरबेअरने केला नाही. आजोबा वारले तेव्हा त्याने आईला पत्र लिहून शब्द दिला की आपण ज्या धर्मात जन्मलो त्यातच राहणार. तो शब्द त्याने शेवटपर्यंत पाळला. फार कर्मठ नव्हता, पण ते दार त्याने वापरलं नाही.

आता त्याचं काम. तुम्ही संगीत नाटक पाहिलं असेल, निदान आजोबांकडून ऐकलं असेल. त्यात गद्य असतं, मध्ये पदं येतात. मायरबेअरच्या मोठ्या ऑपेरात गद्य जवळजवळ नसतंच, भांडणसुद्धा गाण्यात. तो इटलीत जाऊन हे शिकला. तिथेच याकोबचा जाकोमो झाला. १८२४ मध्ये व्हेनिसला त्याचा एक ऑपेरा गाजला, ‘इल क्रोचातो इन एजित्तो’, म्हणजे इजिप्तमधला धर्मयोद्धा. क्रूसेडचा काळ, दमिएता शहर, सुलतानाची मुलगी आणि वेश बदलून राहिलेला ख्रिस्ती सरदार यांचं गुप्त लग्न. मुलगीच नवऱ्याच्या धर्मात जाते, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे आपली बाजू तिथे फारशी नाही. प्रेक्षकांना जे हवं होतं ते त्यानेही दिलं. त्याला मी संत करायला निघालेलो नाही.

मग पॅरिस. १८३१ मध्ये ‘रॉबेर ल दियाब्ल’ आला आणि शहर वेडं झालं. त्यात मेलेल्या जोगिणी थडग्यांतून उठून नाचतात. देगा या चित्रकाराने पुढे त्या नाचाची चित्रं काढली. शोपाँ आणि लिस्ट यांनी त्यातल्या सुरांवर स्वतःच्या रचना केल्या. १८४९ मध्ये ‘ल प्रोफेत’. नावाचा अर्थ ‘पैगंबर’, पण घाबरू नका, ती सोळाव्या शतकातल्या जर्मनीतल्या एका ख्रिस्ती भोंदूची गोष्ट आहे. त्यात सूर्योदय दाखवायला विजेचा दिवा वापरला. १८४९ मध्ये! लोक तो सूर्य बघायलासुद्धा यायचे. आणि त्याच्या मृत्यूनंतर, १८६५ मध्ये, ‘लाफ्रिकेन’ रंगमंचावर आला. त्याचा नायक आपल्या शाळेच्या पुस्तकातला वास्को द गामा. गंमत म्हणजे नाव ‘आफ्रिकेची स्त्री’ आणि तिच्या देशात देऊळ ब्रह्मदेवाचं. कथानक मूळ आफ्रिकेतलं होतं, मायरबेअरने ते भारताकडे वळवलं आणि नावही बदललं. पण लोकांच्या तोंडी जुनं नाव बसलं होतं, म्हणून त्याच्या मागे तेच ठेवलं गेलं.

पण मला बोलायचंय ते १८३६ मध्ये आलेल्या ‘ले ह्यूगनो’बद्दल. फ्रान्समध्ये २४ ऑगस्ट १५७२ रोजी, सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी, पॅरिसमध्ये कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू केली. हजारो माणसं मारली गेली. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना ह्यूगनो म्हणत. ऑपेराची गोष्ट त्या दिवसांतली. प्रोटेस्टंट तरुण राऊल आणि कॅथलिक सरदाराची मुलगी व्हालेंतीन. चौथ्या अंकात मुलीचा बाप कत्तलीचा बेत आखतो. साधू येतात आणि उपसलेल्या तलवारींना आशीर्वाद देतात. राऊल हे सगळं लपून ऐकतो. पाचव्या अंकात गोळीबार होतो, अंधारात बाप हुकूम देतो आणि जवळ जाऊन पाहतो तर मेलेल्यांत त्याचीच मुलगी.

दंगलीवरची हिंदी सिनेमे तुम्ही पाहिली आहेत. आता कल्पना करा, १८३६ साली, अल्पसंख्याक समाजातला एक माणूस बहुसंख्याकांच्या सर्वांत झगमगत्या नाट्यगृहात उभा राहून सांगतोय की धर्माच्या नावाने तलवारीला आशीर्वाद देणं म्हणजे काय असतं. आणि तो त्यांना खलनायकासारखं हसायला लावत नाही. तो आशीर्वादाचा प्रसंग भव्य केलेला आहे. ऐकताना तुम्हालाही उठून त्या जमावात जावंसं वाटतं. जमाव माणसाला कसा ओढतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याउलट मरणाआधी म्हातारा नोकर मार्सेल दोघा प्रेमिकांना शेवटचे प्रश्न विचारतो, तेव्हा सगळा वाद्यमेळ गप्प होतो आणि एकच खर्जातलं वाद्य, बास क्लॅरिनेट, त्याच्या सोबत चालतं. या वाद्याला ऑपेरात एवढी मोठी एकट्याची जागा तोवर क्वचितच मिळाली होती. हे पोकळ माणसाचं काम नाही. काही कॅथलिक शहरांत हा ऑपेरा नाव आणि पात्रांचे धर्म बदलूनच करावा लागला. म्युनिकमध्ये तो इंग्लंडच्या अँग्लिकन आणि प्युरिटनांच्या भांडणाची गोष्ट होऊन आला. म्हणजे तो कुणाला तरी लागत होता.

हा ऑपेरा किती चालला? १९०६ मध्ये पॅरिस ऑपेरात त्याचा हजारावा प्रयोग झाला. त्या नाट्यगृहात हजाराचा आकडा गाठणारा तो पहिला ऑपेरा. मग असं काय झालं की दोन-तीन पिढ्यांत त्याचं नाव पुस्तकातल्या एका तुच्छ ओळीपुरतं उरलं?

इथे दुसरा माणूस येतो. रिचर्ड वाग्नर. १८३९ मध्ये तो पॅरिसला आला तेव्हा कर्जबाजारी होता आणि त्याला कुणी ओळखत नव्हतं. मायरबेअरने त्याला शिफारसपत्रं दिली. त्याचा ‘रिएन्झी’ हा ऑपेरा ड्रेस्डेनला घ्यावा म्हणून लिहिलं. १८४२ मध्ये तो तिथे झाला आणि वाग्नरचं नशीब उघडलं. त्या काळात वाग्नर मायरबेअरला जी पत्रं लिहायचा, त्यांतली लीनता वाचताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

१८५० मध्ये जर्मनीतल्या एका संगीत-नियतकालिकात एक लेख आला, संगीतातल्या ज्यूपणाबद्दल. लेखकाचं नाव टोपण होतं. लिहिणारा वाग्नर होता. मायरबेअरचं नाव त्यात घेतलेलं नव्हतं, पण कुणाबद्दल बोलतोय हे सगळ्यांना कळलं. १८६९ मध्ये त्याने तो लेख स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. तोवर मायरबेअरला जाऊन पाच वर्षं झाली होती.

त्या लेखातला युक्तिवाद नीट ऐका, कारण तो अजून जिवंत आहे. वाग्नर म्हणतो की ज्यू माणूस ज्या देशात राहतो तिथली भाषा बोलतो, पण परक्यासारखी, शिकून घेतलेली. ती त्याच्या रक्तातली नसते. म्हणून त्या भाषेत तो फक्त नक्कल करू शकतो, खरं काही निर्माण करू शकत नाही. भाषेचं जे, तेच संगीताचं.

मित्रांनो, मला सांगा, इथे बसलेल्यांपैकी किती जणांना कुणीतरी म्हटलंय की “अरे वा, तुमचं मराठी छान आहे हो!”

बघा. मघाशी मायरबेअरच्या नावाला एकही हात नव्हता. आता जवळजवळ सगळे वर आहेत.

मलाही म्हटलंय. एका कार्यक्रमात बोलून खाली उतरलो, एक वयस्कर गृहस्थ भेटले. प्रेमाने हात हातात घेतला आणि म्हणाले, “तुम्ही मुसलमान असून इतकं शुद्ध मराठी कसं काय बोलता?” मी हसून “शुक्रिया” म्हणालो. घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, “मग तू काय अरबीत रडत होतास का लहानपणी?” त्या गृहस्थांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी त्यांना वाग्नरच्या रांगेत बसवत नाही. पण त्या कौतुकाखालचं गृहीतक तेच आहे: ही भाषा मुळात तुमची नाही, तुम्ही ती मेहनतीने कमावलीत. एकदा हे मान्य केलं की पुढचं सोपं होतं. तुम्ही चांगलं लिहिलं तर नक्कल. लोकांना आवडलं तर काहीतरी चलाखी.

मायरबेअरबाबत नेमकं हेच झालं. तो लोकप्रिय होता, हे नाकारता येत नव्हतं. मग ती लोकप्रियताच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाली. पैसा होता, म्हणजे टीकाकार विकत घेतले असणार. प्रयोगाआधी तो पत्रकारांना जेवण द्यायचा, ही खरी गोष्ट त्यात मिसळली. लोकांना दिपवतो, म्हणजे आत काही नसणार. विचार करा, यातून सुटायला त्याला वाट होती का? हरला असता तर अपात्र. जिंकला तर लबाड.

त्याने जाहीर उत्तर दिलं नाही. आयुष्यभर त्याच्या मनात एक भीती होती. ज्यूंच्या बोलीतला ‘रिशेस’ हा शब्द तो वापरायचा, म्हणजे ज्यूंबद्दलचा आकस. हाइनेला लिहिलेल्या पत्रातही हा शब्द आहे. टाळ्या वाजत असतानाही त्याला तो ऐकू यायचा.

पुढे वाग्नरची माणसं संगीताचे इतिहास आणि समीक्षा लिहू लागली. १९३३ नंतर नाझींनी जर्मनीत मायरबेअरवर बंदीच घातली. माझ्या हातात आलेली ती ओळ अशी प्रवास करत आलेली होती. पुण्यातल्या एका खोलीत, एका मुसलमान तरुणाने ती अभिमानाने वाचून दाखवली.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी तुमची फसवणूक करतोय. मायरबेअर मागे पडला तो केवळ द्वेषामुळे नाही. त्याचे मोठे ऑपेरे पाच अंकी आहेत, चार-चार तास चालतात. भलामोठा गायकसमूह लागतो, नाच लागतो, पहिल्या दर्जाचे सहा-सात गायक एकदम लागतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात १८९०च्या दशकात ‘ले ह्यूगनो’च्या प्रयोगांना सात ताऱ्यांची रात्र म्हणत. सात तारे दररोज कोण परवडणार? शिवाय लोकांची आवड बदलली. आणि सगळी टीका आकसाची नव्हती. शुमानने १८३७ मध्ये ‘ले ह्यूगनो’वर कडक लिहिलं, त्याच्या मागे कलेविषयीची त्याची स्वतःची मतंही होती. मेंडेल्सन तर ज्यू घराण्यातलाच, त्यालाही मायरबेअरचे ऑपेरे आवडत नव्हते. पॅरिसमध्ये लोक त्याला “तू मायरबेअरसारखा दिसतोस” म्हणून चिडवायला लागले तेव्हा त्याने जाऊन केस बारीक कापून घेतले, असं त्याच्या हिलर नावाच्या मित्राने लिहून ठेवलंय.

माझंही सांगतो. मायरबेअरचं सगळं मला आवडत नाही. काही ठिकाणी तो लांबण लावतो. काही ठिकाणी टाळीसाठी जागा सोडतो, हे स्पष्ट दिसतं. तो बीथोवनइतका मोठा होता, असा माझा दावा नाही. पण हे मी आता ऐकून म्हणतोय. तेव्हा मी न ऐकता म्हणत होतो. एवढाच फरक आहे आणि माझ्या मते तो फार मोठा आहे.

काळ हा खरा परीक्षक, जे खरं ते टिकतं, असं आपण सहज म्हणतो. काळ काही करत नाही. माणसं करतात. कुणीतरी पुस्तक लिहितं, कुणीतरी अभ्यासक्रम ठरवतं, कुणीतरी कार्यक्रमाची यादी बनवतं, आणि कुणीतरी माझ्यासारखा न ऐकता टिपण लिहितो. या सगळ्याची बेरीज झाली की तिला आपण काळाचा निकाल म्हणतो. माणसांनी दिलेला निकाल माणसं बदलूही शकतात. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेराने ‘रॉबेर’ पुन्हा केला. २०१५ ते २०१७ या काळात बर्लिनच्या डॉइच ऑपरने वास्को, ह्यूगनो आणि प्रोफेत लागोपाठ केले. ज्या शहरात त्याची कबर आहे आणि जिथून बंदीचा हुकूम निघाला होता, त्याच शहरात. २०१८ मध्ये ‘ले ह्यूगनो’ पॅरिस ऑपेरात परत आला. काहींना आवडला, काहींना नाही. पण निदान ऐकून.

शेवटी दोन गोष्टी आपल्याबद्दल. मायरबेअर अल्पसंख्याक होता म्हणून त्याला डोक्यावर घेऊ नका. तसं केलं तर वाग्नरचीच मोजपट्टी आपण उलटी धरली. आणि वाग्नर ऐकायचं सोडू नका. त्याचं संगीत थोर आहे, त्याचा तो लेख नीच आहे. दोन्ही एका माणसात होतं, हे पचवायला शिकावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त जवळची. ‘हा आपला नाही’ ही मोजपट्टी फक्त बाहेरच्यांच्या हातात नसते. मोहल्ल्यातली एखादी मुलगी गायला लागली, नाटकात गेली, मराठीत कविता लिहायला लागली, की तिचं काम न वाचता, न ऐकता आपणही सांगतो: नाव कमवायचंय तिला, आपली राहिली नाही ती. तिकडे म्हणतात, तुमचं मराठी छान आहे. इकडे म्हणतात, तू फारच मराठी झालीस. दोन्हीकडे तिची कविता कुणी वाचलेली नसते.

तुमच्यापैकी जे लिहितात, गातात, सिनेमा करतात, त्यांच्याही वाट्याला असा निकाल येईल. त्याला उत्तर द्यायचं की गप्प राहायचं, हे तुम्ही ठरवा. मायरबेअर गप्प राहिला आणि त्याची किंमत त्याच्या नावाने दीडशे वर्षं मोजली. मला वाटतं, काम करत राहावं आणि गप्पही बसू नये. पण निदान आपल्या हातून कुणाबद्दल तशी ओळ लिहिली जाऊ नये.

मी आज मोबाईलवर ‘ले ह्यूगनो’चा चौथा अंक आणलाय. चहा व्हायला अजून पंधरा मिनिटं आहेत. तलवारींना आशीर्वाद देण्याचा प्रसंग तेवढ्यात होईल. कुणाला आवडणार नाही, चालेल. ऐकून सांगा.